ऑर्थो रेसिडेन्सीचे पहिले सहा महिने: आधी काय हातात बसायला हवं?

रुजू_होतोय

नमस्कार. लवकरच ऑर्थोपेडिक्सच्या पहिल्या वर्षाला रुजू होतोय. फ्रॅक्चरची वर्गीकरणं आणि ॲप्रोच वाचायला घेतलेत, पण सुरुवातीला काम पडणार ते प्लास्टर रूम, ट्रॅक्शन (वजन लावून पाय ओढून ठेवणं) आणि कॅज्युअल्टीचं, असं सगळे सांगतात. म्हणून नेमकं विचारतो.

मनगटाचं फ्रॅक्चर बसवून स्लॅब (एका बाजूचं अर्धं प्लास्टर) घालायचा, तर पायरीपायरीने कसं? बसवताना छान दिसलेलं रिडक्शन (जागेवर आणलेलं हाड) आठवड्याने निसटलेलं सापडतं, ते कशामुळे? ट्रॅक्शनची पिन घालताना काय चुकतं? रात्री एकट्याने काम करताना कुठल्या गोष्टी सकाळपर्यंत थांबूच शकत नाहीत? आणि ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) दुसरा असिस्टंट म्हणून उभं राहिल्यावर आधीपासून काय माहीत असायला हवं?

प्लास्टर_खोली

मी तुझ्या पहिल्या दोन प्रश्नांवरच थांबतो, कारण पहिल्या वर्षाचा हात तिथेच घडतो.

सुई उचलण्याआधी नर्व्ह तपास. मनगटात मुख्यतः मीडियन: अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांच्या टोकांची संवेदना, आणि तळवा वर ठेवून अंगठा छताकडे उचलता येतो का. सोबत रेडियल पल्स आणि नख दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परततो ते. हे सगळं वेळेसकट केसपेपरवर लिही आणि मगच पुढे जा. बसवल्यानंतर रुग्ण म्हणाला की बोटं बधिर आहेत आणि आधीची नोंद नसेल, तर तो बधिरपणा पडल्यामुळे आला की बसवल्यामुळे, हे नंतर कुणालाच ठरवता येत नाही. पुढचा निर्णय मात्र त्यावरच अवलंबून असतो.

भूल हेमॅटोमा ब्लॉकची. कातडीला जंतुनाशक लावून मनगटाच्या मागच्या बाजूने सुई फ्रॅक्चरच्या फटीत न्यायची. सुई आधी हाडावर अडते, मग कडेवरून घसरून आत जाते. सिरिंज ओढल्यावर काळपट रक्त आलं म्हणजे जागा बरोबर. १% लिग्नोकेन (जागेवरच्या भुलीचं औषध) १० मिली सावकाश सोड आणि घड्याळ बघून दहा मिनिटं थांब. हे थांबणंच सगळ्यात जास्त वेळा गाळलं जातं. दुखऱ्या हाताचे स्नायू आखडतात, मग ओढणारा जोर लावतो, आणि जोर लावूनही मागची कड सुटत नाही. उघडं फ्रॅक्चर असेल किंवा तिथल्या कातडीला संसर्ग असेल, तर हा ब्लॉक करायचा नाही.

आता ओढणं. कोपर काटकोनात, दंडाला सहकाऱ्याने उलटा ताण दिलेला, आणि सलग पाच मिनिटं तरी एकसारखं ओढ. झटका नको. त्यानंतर जी व्यंगता आहे (इथे खालचा तुकडा मागे सरकलेला) तीच आधी थोडी वाढवायची: मनगट आणखी मागे वाकवून दोन्ही अंगठ्यांनी खालचा तुकडा पुढे ढकलायचा. कडा एकमेकींतून सुटल्या की मग मनगट पुढे झुकवायचं आणि करंगळीच्या बाजूला थोडं वळवायचं. व्यंगता वाढवण्याची पायरी गाळून थेट पुढे वाकवलं, तर मागच्या कडा अडकलेल्याच राहतात. बाहेरून मनगट सरळ दिसतं, एक्स-रेत तुकडा तिथेच असतो.

पॅडिंग दोन ते तीन थर, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. अल्नाचं टोक, अंगठ्याचं मूळ आणि कोपराचं हाड इथे थोडं जास्त. स्लॅबची लांबी दुसऱ्या, चांगल्या हातावर मोज. मोठ्या माणसाच्या हाताला आठ ते दहा थर पुरतात, पायाला बारा ते सोळा. पाणी साधं, फार तर कोमट. प्लास्टर घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं. गरम पाणी, जास्त थर आणि ओला हात उशीवर ठेवलेला, असं तिन्ही जुळून आलं की कातडी भाजते. आधीच्या प्लास्टरचा गाळ साचलेलं पाणीही नको, त्यात प्लास्टर लवकर पकडतं आणि मोल्ड करायला (दाबून आकार द्यायला) वेळच उरत नाही.

स्लॅब पाण्यात सोडला की बुडबुडे निघतात. ते थांबेपर्यंत हात लावू नकोस. मग दोन्ही टोकं धरून हलकं दाब, पिळू नकोस; पिळलं की प्लास्टरचा लगदा पाण्याबरोबर निघून जातो आणि हातात नुसती जाळी उरते. सपाट पृष्ठभागावर ठेवून तळहाताने वरून खाली फिरव, म्हणजे सगळे थर एकजीव होतात. हे केलं नाही तर वाळल्यावर थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटतात आणि तो स्लॅब काही धरून ठेवत नाही.

पुढची कड मागच्या बाजूने बोटांच्या गाठींपर्यंत, तळव्याच्या बाजूने शेवटच्या आडव्या रेषेच्या अलीकडे. बोटांची मूठ पूर्ण वळली पाहिजे, अंगठा करंगळीला लागला पाहिजे. बँडेज नुसतं गुंडाळायचं, आवळायचं नाही.

मोल्ड हाच या कामाचा गाभा. तीन ठिकाणी दाब: मागून खालच्या तुकड्यावर, पुढून फ्रॅक्चरच्या वरच्या हाडावर, आणि मागून फोरआर्मच्या वरच्या भागात. तळहात सपाट ठेवून दाब. बोटांच्या टोकांनी दाबलं की आत खड्डे पडतात आणि पुढे तिथे फोड येतात. प्लास्टर कडक होईपर्यंत हात हलवू नकोस. अर्धवट पकडलेलं प्लास्टर सोडून दिलं तर मोल्ड उलगडतो, आणि नंतर दाबलं तर ते आतून तडकतं. फोरआर्म वर-खाली चपटा हवा, नळीसारखा गोल नको.

मनगट फार पुढे वाकवून ठेवायचा मोह होतो, कारण त्या स्थितीत एक्स-रे सुंदर येतो. पण कार्पल टनेलमधला दाब वाढून मीडियन नर्व्ह दबते आणि बोटं आखडतात. थोडंसंच पुढे आणि थोडं करंगळीकडे. याहून जास्त वाकवल्याशिवाय ते फ्रॅक्चर टिकत नसेल, तर ते प्लास्टरचं फ्रॅक्चरच नाही.

बसवल्यावरच्या एक्स-रेत तीन गोष्टी मोजायच्या. रेडियसची उंची सुमारे ११ ते १२ मिमी, आडवा उतार सुमारे २२ अंश, पुढचा कल सुमारे ११ अंश. हे साधारण माप. ३ मिमीपेक्षा जास्त आखूडपणा, मागे १० अंशांपेक्षा जास्त कल, किंवा सांध्यात २ मिमीपेक्षा जास्त पायरी राहिली असेल, तर सीनियरला दाखवून ऑपरेशनचं बोलणं करायचं.

आता निसटण्याचं. दोन कारणं असतात आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. एक स्लॅबचं: पॅडिंग जाड, मोल्ड नाही, किंवा पहिल्या आठवड्यात सूज उतरून स्लॅब ढिला झाला. दुसरं फ्रॅक्चरचं: मुळातला मागचा कल २० अंशांहून जास्त, मागच्या बाजूचा चुरा, सांध्यापर्यंत गेलेली रेषा, सोबत अल्नाचं फ्रॅक्चर, वय ६० च्या वर. लॅफॉन्टेनने १९८९ मध्ये सांगितलेल्या या पाचांपैकी तीन किंवा जास्त असतील तर निसटण्याची शक्यता मोठी, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांग. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याला एक्स-रे हवाच. तिसऱ्या आठवड्यानंतर निसटलेलं सापडलं, तर ते नुसतं ओढून परत बसत नाही.

भूल_विभाग

वरच्या ब्लॉकबद्दल एक भर, महत्त्वाची आहे म्हणून वेगळी लिहितो. ट्रॉलीत बऱ्याचदा २% लिग्नोकेनची बाटली असते. त्यातलं १० मिली म्हणजे २०० मिग्रॅ. ॲड्रेनलिनशिवायच्या लिग्नोकेनची मर्यादा ३ मिग्रॅ प्रति किलो धरा; ५० किलोच्या माणसाला १५० मिग्रॅमध्येच ती संपते. म्हणून २% असेल तर ५ मिली औषध आणि ५ मिली सलाइन, मिळून १% चं १० मिली, १०० मिग्रॅ. बाटलीवरचा टक्का मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या माणसाला ऐकू द्या.

फ्रॅक्चरच्या रक्तातून औषध शिरेत पटकन जातं. त्यामुळे दुसऱ्या हाताला आधी आयव्ही लाइन, आणि मॉनिटर लावलेला. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात घंटी, बरळणं ही पहिली लक्षणं. दिसली की थांबा, ऑक्सिजन द्या, आम्हाला बोलवा. यावरचा उतारा, २०% लिपिड इमल्शन, कुठल्या कपाटात आहे हे आजच पाहून ठेवा. पहिला बोलस १.५ मिली प्रति किलो.

रात्रपाळी

रात्री थांबू न शकणाऱ्या गोष्टींबद्दल.

सगळ्यात वर कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून आतला रक्तप्रवाह थांबणं). टिबियाचं फ्रॅक्चर, फोरआर्मची दोन्ही हाडं, चिरडलेला पाय, घट्ट प्लास्टर. यातला कुठलाही रुग्ण 'इंजेक्शन देऊनही दुखतंय' म्हणाला, तर फोनवर वेदनाशामक वाढवून द्यायचं नाही, उठून जाऊन बघायचं. फ्रॅक्चरच्या मानाने जास्त वेदना, आणि बोटं हळूच ताणल्यावर पोटरीत किंवा फोरआर्ममध्ये असह्य कळ, ही दोन लक्षणं लवकर दिसतात. लहान मूल 'दुखतंय' असं नीट सांगत नाही. ते अस्वस्थ होतं, घाबरतं, आणि त्याला लागणारं वेदनाशामक वाढत जातं. ब्लॉक दिलेल्या किंवा बेशुद्ध रुग्णात वेदना कळतच नाही, तिथे दाब मोजावा लागतो.

जागेवर करायचं ते असं: प्लास्टर, पॅडिंग, बँडेज, सगळं वरपासून खालपर्यंत कातडी दिसेपर्यंत कापा. नुसतं प्लास्टर चिरून पॅडिंग तसंच ठेवलं, तर रक्ताने वाळलेलं तेच पॅडिंग फास बनून राहतं. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा; उशांवर उंच केला तर आत शिरणाऱ्या रक्ताचा दाब आणखी घटतो. रक्तदाब पडू देऊ नका. सीनियरला लगेच फोन करा. अर्ध्या तासात परत तपासा आणि आराम नसेल तर ओटी तयार करा. दाब मोजलात तर डायस्टॉलिकमधून वजा करा. फरक ३० मिमी किंवा कमी असेल तर फॅशिओटॉमी (आवरण चिरून कप्पे मोकळे करणं). मोजमाप फ्रॅक्चरच्या ५ सेंमीच्या आत घ्या, लांब घेतलं तर आकडा खोटा दिलासा देतो. पायात चारही कंपार्टमेंट उघडावी लागतात, दोन छेदांतून. खोल मागचं कंपार्टमेंट राहून जाण्याचा धोका सगळ्यात जास्त.

उघडं फ्रॅक्चर: पहिल्या तासात अँटिबायोटिक. सेफाझोलिन २ ग्रॅम, वजन १२० किलोपेक्षा जास्त असेल तर ३ ग्रॅम. मातीने भरलेल्या किंवा मोठ्या जखमेत ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंसाठीची भर आपल्या युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे. टिटॅनसचं बघा. जखमेचा एक फोटो काढा, सलाइनचा गॉज ठेवून झाका, पाय सरळ करून स्प्लिंट लावा, पल्स पुन्हा बघा. त्यानंतर प्रत्येक येणाऱ्याने ड्रेसिंग उघडून बघायचं नाही, त्यासाठीच तो फोटो. छोट्या भोकातून चरबीचे थेंब तरंगणारं काळपट रक्त पाझरत असेल, तर ते उघडंच फ्रॅक्चर धरा. उघड्या फ्रॅक्चरची गस्टिलो ग्रेड कॅज्युअल्टीत ठरत नाही, डिब्राइडमेंट (मेलेला भाग काढून जखम साफ करणं) झाल्यावर ठरते. जोराच्या आघातातली एक सेंमीची जखमही आतून तिसऱ्या ग्रेडची असू शकते.

हिप निखळलेला: सहा तासांच्या आत बसवा, उशीर होतो तसा फीमरच्या डोक्याचा रक्तपुरवठा जाण्याचा धोका वाढतो. पण ओढण्याआधी एक्स-रेत फीमरची मान नीट बघा. न सरकलेलं मानेचं फ्रॅक्चर ओढताना सरकवलंत, तर साधं काम अवघड होऊन बसतं. बसवण्याआधी आणि नंतर पायाचा अंगठा वर उचलता येतो का, ते लिहा.

गुडघा निखळलेला असेल, आपोआप बसलेला असला तरी, घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर काढा. ०.९ पेक्षा कमी आलं तर सीटी अँजिओ आणि व्हॅस्क्युलरला फोन. कंबरदुखीच्या रुग्णाला लघवी अडकत असेल, बसायच्या जागेला बधिरपणा असेल, तर कॉडा इक्विना (कण्याच्या खालच्या टोकाच्या नर्व्हचा जुडगा दबणं) धरा. गुदद्वाराभोवतीची संवेदना तपासा, लघवीनंतर मूत्राशयात किती उरतं ते बघा, एमआरआय त्याच रात्री. लहान मुलाचा ताप आणि लंगडणं सेप्टिक हिप (हिपच्या सांध्यात जंतुसंसर्ग) नाही हे सिद्ध होईपर्यंत सेप्टिक हिपच धरा.

सीनियरला फोन करताना क्रम ठरलेला ठेवा: वय, कशाने लागलं, कुठलं हाड, उघडं की बंद, नर्व्ह आणि पल्स, एक्स-रेत काय, आतापर्यंत काय केलंत, आणि तुम्हाला त्यांच्याकडून काय हवंय. शेवटचं वाक्य स्पष्ट बोला: 'सर, तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.' हे न बोलल्यामुळे वाया गेलेला अर्धा तास त्या पायाला परवडत नाही.

रुजू_होतोय

फार उपयोगाचं आहे, आभार. एक गोंधळ आहे. पायाची पल्स लागते, बोटं गरम आहेत, तरीही कंपार्टमेंट असू शकतो का? पल्स नसणं हे त्याच्या लक्षणांच्या यादीत वाचलं होतं.

रात्रपाळी

असू शकतो, आणि बहुतेक वेळा पल्स लागतेच. स्नायू मरतो तो केशवाहिन्यांतला प्रवाह थांबल्याने. त्यासाठी लागणारा दाब धमनीच्या दाबापेक्षा खूप कमी असतो, म्हणून मोठ्या धमनीतून रक्त खाली पोचत राहतं आणि मधला स्नायू उपाशी राहतो. पल्स गेली असेल तर एक तर धमनीलाच इजा आहे, किंवा फार उशीर झालाय. पल्स लागते म्हणून रुग्णाला सोडून झोपायला जाऊ नका.

अस्थिरेषा

ट्रॅक्शन पिनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

वरच्या टिबियाची पिन: टिबियल ट्युबरोसिटीच्या दोन ते अडीच सेंमी खाली आणि तेवढीच मागे. बाहेरून आत घालायची, कारण कॉमन पेरोनियल नर्व्ह बाहेरच्या बाजूला आहे. पिन जिथून शिरते ती जागा आपल्या ताब्यात असते, जिथून बाहेर पडते ती तितकी नसते. याच कारणाने खालच्या फीमरची पिन आतून बाहेर (आतल्या बाजूला फीमरल धमनी) आणि टाचेची पिनही आतून बाहेर. एवढं कारण लक्षात ठेवलंत तर दिशा पाठ करावी लागत नाही.

आधी गुडघ्याचे लिगामेंट तपासा. ते फाटले असतील तर टिबियाची पिन सांध्यातून ताण देते, मग फीमरची घ्या. वाढत्या वयाच्या मुलात ट्युबरोसिटीजवळची वाढीची रेषा दुखावली तर गुडघा मागे वाकत जातो, तिथेही ही पिन नको.

लिग्नोकेन दोन्ही बाजूंना हाडाच्या आवरणापर्यंत द्या. कातडीत फुगा करून थांबलात तर पिन हाडाला टेकताच रुग्ण उसळतो. छोटा छेद, पिन पायाला काटकोनात आणि गुडघ्याच्या रेषेला समांतर. हातानेच फिरवा. वेगाने फिरणाऱ्या ड्रिलने हाड भाजतं, भाजलेलं हाड मरतं, पिन दोन आठवड्यांत हलायला लागते आणि मग पू. बाहेर आल्यावर कातडी पिनवर ताणली गेली असेल तर तिथेच थोडा छेद वाढवा, नाहीतर ती जागा कुजते. हाड ठिसूळ असेल तर मध्ये आटे असलेली डेनहॅम पिन घ्या, साधी स्टाइनमन सरकते.

फीमरच्या फ्रॅक्चरला वजन शरीराच्या दहाव्या भागाच्या आसपास. कातडीच्या ट्रॅक्शनला ५ किलोच्या पुढे जाऊ नका, कातडी सोलते. पलंगाचा पायथा उंच करा, नाहीतर रुग्णच खाली घसरत येतो आणि ताण उरत नाही. राउंडला जाताना हे बघा: वजन जमिनीला टेकलंय का, दोरीची गाठ कप्पीत अडकलीय का, पाय बाहेर वळून फिब्युलाची मान स्प्लिंटवर दाबली जातेय का. रोज अंगठा वर उचलायला सांगा. फूट ड्रॉप (पाऊल वर उचलता न येणं) बऱ्याचदा पिनमुळे नाही, या दाबामुळे येतो, आणि तो पूर्णपणे टाळता येतो.

आणि एक्स-रे मागताना दोन दिशा, वरचा आणि खालचा सांधा धरून. फीमरच्या मधल्या फ्रॅक्चरमध्ये त्याच बाजूची मान वेगळी बघा. झगमगतं मोठं फ्रॅक्चर दिसल्यावर डोळे तिथेच थांबतात आणि मानेची बारीक रेषा सुटते.

टेबल_दोन

ओटीचं थोडक्यात लिहिणार होतो, पण ड्रिलवर थोडं लांबेल.

मापं तोंडपाठ हवीत, सगळी मिमीत. ४.५ कॉर्टिकल स्क्रूला ३.२ चं बिट, ३.५ ला २.५, २.७ ला २.०. ६.५ कॅन्सेलसला ३.२. लॉकिंगमध्ये ३.५ ला २.८, ५.० ला सहसा ४.३, पण सेटवर लिहिलेलं वाचून खात्री करा. सिस्टरकडे मागताना आकडा स्पष्ट बोला, 'ते बारीक बिट' असं नको.

लॅग स्क्रू (दोन तुकडे आवळून जवळ आणणारा): जवळच्या कॉर्टेक्सला (हाडाच्या कडक भिंतीला) ४.५ चं मोकळं भोक, त्यात स्लीव्ह सरकवून पलीकडच्याला ३.२, मग काउंटरसिंक (स्क्रूच्या डोक्यासाठी खळगा), मग डेप्थ गेजने लांबी, टॅपने आटे, स्क्रू. जवळचं भोकही ३.२ चंच केलं, तर आटे दोन्ही तुकड्यांना पकडतात आणि फट जशीच्या तशी राहते, कितीही आवळा. काउंटरसिंकच्या आधी मोजलं तर स्क्रू तेवढा जास्त लांब निघतो. तिरक्या भोकात गेजचा आकडा कुठल्या कडेवरून घेतला त्याप्रमाणे बदलतो, तेव्हा हुक पलीकडच्या कॉर्टेक्सला खरंच अडकलाय ना, हे ओढून बघा.

ड्रिल करताना कानही वापरा. जवळच्या कॉर्टेक्समध्ये आवाज जड येतो, मज्जेत मोकळा होतो, पलीकडे टेकला की परत जड. तिथे दाब कमी करायचा आणि दुसरा हात रुग्णाच्या अंगावर टेकवून ठेवायचा, म्हणजे बिट आरपार निसटत नाही. क्लॅव्हिकलच्या खाली सबक्लेव्हियन धमनी आहे, टिबियाच्या मागे नर्व्ह-धमनीचा जुडगा. काही मिलीमीटरचा निसटलेला बिट तिथे पोचतो. असिस्टंटचं काम सलाइनचे थेंब बिटवर सोडत राहणं आणि बोथट बिट वेळीच बदलायला सांगणं. बिट बाहेर काढतानाही पुढच्याच दिशेला फिरत ठेवा, थांबवून ओढलं की अडकतं आणि मोडतं.

लॉकिंग स्क्रूचं डोकं प्लेटच्या आट्यांत पक्कं बसतं, तो हाडाला प्लेटकडे ओढत नाही. आधी रिडक्शन, मग लॉक. उलटं केलं तर चुकलेली जागा पक्की होते. गाइड प्लेटमध्ये सरळ बसवल्याशिवाय ड्रिल नको, तिरके आटे पकडले की स्क्रू ना पूर्ण बसतो ना पुढे काढता येतो. शेवटचे आटे टॉर्क लिमिटरने, पॉवरवर नाही.

हिपच्या डीएचएसमध्ये (डायनॅमिक हिप स्क्रू) रीमर फिरवताना गाइड वायर सोबत आत सरकू शकते, थेट ओटीपोटापर्यंत. म्हणून रीमिंग सुरू असताना मध्ये मध्ये सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र) मागा. स्क्रूच्या टोकापासून फीमरच्या डोक्याच्या शिखरापर्यंतचं अंतर दोन्ही दिशांत मोजून बेरीज २५ मिमीच्या आत. बाउमगार्टनरचं १९९५ चं हे माप आजही उपयोगी पडतं. जास्त असेल तर स्क्रू डोक्यातून बाहेर कापून येण्याचा धोका वाढतो.

टूर्निकेटखाली (रक्त थांबवायला फुगवायचा पट्टा) पॅडिंग नीट, आणि कड सील केलेली. स्पिरिट किंवा बीटाडीन खाली ओघळून साचलं की दोन तासांत कातडी जळते, आणि ते कळतं ड्रेप काढल्यावर. अँटिबायोटिक टूर्निकेट फुगवण्याच्या दहा मिनिटं आधी. दंडाला सिस्टॉलिकपेक्षा ५० ते ७५ मिमी जास्त, मांडीला १०० ते १५० जास्त. वेळ फळ्यावर लिहायची, दोन तासांच्या पुढे नाही. संसर्ग असेल तर रबरी पट्टीने रक्त पिळू नका, पाय फक्त उंच धरा.

सी-आर्मची ट्यूब (किरण सोडणारी बाजू) टेबलाखाली, इंटेन्सिफायर (प्रतिमा टिपणारी बाजू) वर आणि रुग्णाच्या जवळ. आडव्या दिशेने फोटो घेताना इंटेन्सिफायरच्या बाजूला उभे राहा, रुग्णावरून किरण ट्यूबच्या बाजूला जास्त उसळतात. अंतर दुप्पट केलं की डोस चौथा भाग. हात फोटोत दिसत असेल तर तो हात फोटो घेण्याआधी काढा. लेड ॲप्रन घडी न घालता टांगा. घडीवर आतल्या पत्र्याला चिरा पडतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

रुजू_होतोय

शेवटचा प्रश्न. प्लास्टर कापायच्या सॉची भीती वाटते. त्याने कातडी कापते का?

प्लास्टर_खोली

त्याचं पातं गोल फिरत नाही, थोडंसं मागे-पुढे थरथरतं. कडक प्लास्टर त्याने कापलं जातं, मऊ कातडी सोबत हलते आणि सहसा वाचते. पण दाबून पुढे सरकवत नेलं तर कापते, आणि पातं तापलं तर भाजते. खाली दाब, आरपार गेल्याचा हलका धक्का अंगठ्याला जाणवला की वर उचल, पुढच्या जागी परत खाली. अंगठा प्लास्टरवर टेकलेला ठेव, म्हणजे पातं एकदम खोल जात नाही. मधूनमधून पातं बोटाने तपास. गरम लागलं तर थांब. फायबरग्लासमध्ये ते लवकर तापतं. हाडाच्या उंचवट्यांवरून रेषा नेऊ नकोस, घोट्याच्या पुढून किंवा मागून जा. आणि रुग्ण 'चटका बसतोय' म्हणाला की त्याच क्षणी सॉ बंद. उरलेलं पॅडिंग बोथट टोकाच्या कात्रीने.